क्रूझमधला स्टॉकहोमचा एक दिवस: काय पाहावं, काय सोडावं

प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबांना घेऊन जुलैमध्ये बाल्टिक क्रूझवर जाताय. आई सदुसष्ट वर्षांच्या, बाबा त्र्याहत्तरचे, त्यांचा एक गुडघा दुखरा. जहाज स्टॉकहोमला सकाळी आठला लागतं आणि संध्याकाळी पाचला सुटतं. यादीत वासा म्युझियम (समुद्रातून वर काढलेली जुनी युद्धनौका), राजवाडा, सिटी हॉल, स्कान्सेन, आब्बा म्युझियम (स्वीडिश पॉप बँडचं), गामला स्तान म्हणजे जुनं शहर आणि भुयारी रेल्वेची रंगवलेली स्टेशनं आहेत. एवढं सगळं होईल का, आणि जहाजाची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं?

सगळं होणार नाही. यातली दोन ठिकाणं नीट होतील आणि तिसरं येता-जाता दिसेल. टूर मॅनेजर म्हणून मी बरीच वर्षं मराठी ग्रुप घेऊन या बंदरांत उतरत आलो आहे. सात ठिकाणांची यादी घेऊन उतरलेली मंडळी संध्याकाळी थकून येतात आणि त्यांना बसच्या खिडकीशिवाय फारसं काही आठवत नाही, हे दर वेळी दिसतं. तुमच्या आई-बाबांसाठी मी वासा आणि गामला स्तान एवढंच धरेन. बाकीचं का सोडायचं, तेही सांगतो.

त्याआधी एक गोष्ट तपासा. तुमचं जहाज नेमकं कुठे लागणार आहे? वेळापत्रकात नुसतं ‘स्टॉकहोम’ लिहिलेलं असतं, पण त्यात तीन वेगळी ठिकाणं येतात. स्टाड्सगोर्डेनचा धक्का असेल तर तुम्ही शहरातच उतरता. समोर पाण्यापलीकडे जुनं शहर दिसतं, चालत वीसेक मिनिटांत स्लुसेनला, जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला, पोचता येतं. फ्रीहाम्नेन असेल तर मध्यवर्ती भाग चार-पाच किलोमीटरवर आहे, पण धक्क्याजवळून शहराच्या नेहमीच्या बस मिळतात. तिसरं ठिकाण नीनेस्हाम्न. ते वेगळंच गाव आहे, स्टॉकहोमच्या दक्षिणेला साधारण साठ किलोमीटरवर. स्टॉकहोमसमोरच्या द्वीपसमूहातल्या अरुंद वाटांतून फार मोठी जहाजं आत नेता येत नाहीत, म्हणून त्यांना तिथे थांबवतात. तिथून लोकल ट्रेनने शहरात यायला जवळपास एक तास, जायला तेवढाच. म्हणजे नऊ तासांतले दोन ते अडीच तास प्रवासातच गेले.

जहाजाची सहल घ्यायची की नाही, हे यावरच ठरतं. स्टाड्सगोर्डेन किंवा फ्रीहाम्नेन असेल तर बिनधास्त आपलं आपण फिरा. जहाजाच्या सहलीत चाळीस-पंचेचाळीस माणसांची बस भरते, प्रत्येक थांब्यावर शेवटच्या माणसाची वाट पाहावी लागते आणि वासाला जेमतेम तासभर मिळतो. बाबांना मध्येच बसावंसं वाटलं तर बसता येत नाही, गाईडचा झेंडा पुढे निघून जातो. नीनेस्हाम्न असेल तर मात्र माझा सल्ला बदलतो. तिथे क्रूझ कंपन्या बहुधा नुसती बससेवा विकतात, गाईड नसलेली: शहरात सोडतात आणि ठरलेल्या वेळी परत आणतात. ती घ्या. ट्रेनपेक्षा महाग पडते, पण जहाजाने विकलेली बस वाटेत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. तुमच्या ट्रेनसाठी थांबत नाही. ज्येष्ठ माणसं सोबत असताना त्या निश्चिंतीचे पैसे मोजावेत, असं मला मनापासून वाटतं.

आता घड्याळ. जहाज पाचला सुटतं याचा अर्थ तुम्ही साडेचारपर्यंत, काही जहाजांवर त्याहून आधी, गँगवे (जहाजात शिरायचा जिना) चढून आत असायला हवं. ती वेळ रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेली असते, तीच खरी धरा. दुसरी बाब म्हणजे एस्टोनिया आणि फिनलंडची घड्याळं स्वीडनच्या एक तास पुढे असतात. टॅलिन किंवा हेलसिंकीहून स्टॉकहोमला येताना जहाजावरची वेळ आदल्या रात्री बदलतात, क्वचित बदलत नाहीत. फोन आपोआप स्थानिक वेळ घेतो, मनगटावरचं घड्याळ घेत नाही, आणि तिघांच्या तीन वेळा होतात. उतरण्याआधी गँगवेजवळच्या फलकावर जहाजाची वेळ बघून तिघांचीही घड्याळं तिच्याशी जुळवा. मग दिवस उलटा मोजा: साडेचारला आत, म्हणून पावणेचारला धक्क्यावर, म्हणून तीनला गामला स्तान सोडायचं. तुमच्या हातात सकाळी साडेआठ ते दुपारी तीन एवढाच वेळ आहे. नीनेस्हाम्न असेल तर त्याहूनही कमी.

वासा सकाळी सगळ्यात आधी. उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, हे म्युझियम साडेआठला उघडतं. एकाच दिवशी तीन-चार क्रूझ जहाजं लागलेली असतात, त्यामुळे साडेदहानंतर आत दाटी होते. तुम्ही सव्वानऊपर्यंत पोचलात तर जहाज डोळे भरून बघता येईल. तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही.

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण वासासाठी तासभर पुरेल असं बरेच जण धरून चालतात. दोन तास ठेवा. १० ऑगस्ट १६२८ रोजी राजा गुस्ताव दुसरा अडोल्फ याची ही नवीकोरी युद्धनौका स्टॉकहोमच्या बंदरातून निघाली. जेमतेम तेराशे मीटर गेली, वाऱ्याचा झोत आला, जहाज डाव्या अंगाला कललं, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं आणि हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत ते बुडालं. जहाज वरून जड आणि खाली अरुंद होतं. तोफांचे दोन मजले, चौसष्ट तोफा, आणि तोल सावरायला तळात पुरेसे दगड भरायला जागाच नाही. निघण्याआधी धक्क्यावर चाचणी झाली होती. तीस माणसांना डेकच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला लावलं. तिसऱ्या फेरीलाच जहाज इतकं डोलू लागलं की ॲडमिरलने चाचणी थांबवली. पण राजा लढाईवर होता आणि जहाज लवकर हवं म्हणून तगादा लावत होता. त्याला थांबा म्हणणारं कुणी निघालं नाही. मूळ जहाजबांधणी करणारा मुख्य कारागीर वर्षभर आधीच वारला होता. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही.

त्यानंतर ३३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६१ रोजी, जहाज पाण्याबाहेर आलं. इतकी वर्षं लाकूड टिकलं ते बाल्टिकच्या पाण्यामुळे. या समुद्रात मीठ इतकं कमी की लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे तग धरत नाही. कोकणच्या खाऱ्या, उबदार पाण्यात हेच जहाज काही दशकांत पोखरून गेलं असतं. वर काढल्यावर लाकूड सुकून तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाच्या मेणासारख्या रसायनाचे फवारे मारले. आज समोर उभ्या असलेल्या जहाजाचा अठ्ठ्याण्णव टक्के भाग मूळचा आहे.

बघायचं कसं? आत गेल्याबरोबर माणूस जहाजाच्या पुढच्या टोकासमोर थबकतो, फोटो काढतो आणि तिथेच अर्धा तास घालवतो. त्याऐवजी लिफ्टने वरच्या मजल्यावर जा आणि आधी जहाजाची मागची बाजू बघा. सगळं कोरीव काम तिथे दाटलेलं आहे: सिंह, रोमन योद्धे, देवदूत, राजचिन्ह. आज सगळं काळपट तपकिरी दिसतं. पण लाकडाच्या छिद्रांत रंगाचे कण सापडले, त्यावरून कळलं की मूळची पार्श्वभूमी लाल आणि मूर्ती भडक रंगांच्या होत्या. शेजारी रंगवलेल्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. आधी त्या बघा, मग पुन्हा जहाजाकडे बघा. मग एकेक मजला खाली उतरा. तोफांच्या झरोक्यांच्या झडपांवर आतल्या बाजूने सिंहाचा जबडा कोरला आहे. झडप वर उचलली की तो शत्रूला दिसावा, अशी ती योजना होती. अगदी तळमजल्यावर बुडालेल्या काही माणसांचे सांगाडे आणि त्यावरून घडवलेले चेहरे आहेत. त्यातला एक सांगाडा कित्येक वर्षं पुरुषाचा समजला जात होता. २०२३ मध्ये डीएनए तपासणीतून तो बाईचा असल्याचं निश्चित झालं. आईंना हे दालन जरूर दाखवा.

आत उजेड मंद आणि हवा गार असते, लाकडासाठी तापमान आणि आर्द्रता राखावी लागते. बाहेर ऊन असलं तरी स्वेटर हाताशी ठेवा. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट आहे आणि छोटी माहितीफीत बसून बघता येते, बाबांच्या गुडघ्याला तेवढाच विसावा. स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या. शहरातली सार्वजनिक स्वच्छतागृहं थोडी आणि बहुतेक कार्डाने पैसे घेणारी आहेत.

वासा ज्या बेटावर आहे त्या युरगोर्डेनच्या टोकाकडे, ग्रोना लुंड या करमणूक बागेच्या फाटकापाशी चालत या. दहा मिनिटांचा सपाट रस्ता आहे. तिथून स्लुसेनला जाणारी सार्वजनिक फेरीबोट मिळते. पर्यटकांच्या महागड्या बोटींच्या रांगेत उभं राहू नका. ही बोट शहराच्या वाहतूक सेवेचा भाग आहे, बसचं तिकीटच तिच्यावर चालतं. दहा-पंधरा मिनिटांत राजवाडा, जुन्या घरांची रांग आणि कदाचित तुमचं स्वतःचं जहाजही पाण्यावरून दिसतं. शहर बोटीतून बघायची हौस इथेच पुरी होते. तिकिटांबद्दल एवढंच: बस, ट्रॅम, भुयारी रेल्वेत बँकेचं कार्ड यंत्रावर टेकवलं की झालं, पण एका कार्डावर एकच माणूस. तिघांसाठी तीन कार्डं हवीत, नाहीतर फोनच्या ॲपमधून तिघांची तिकिटं एकदम काढा. रोख पैसे बदलून घेऊच नका. स्वीडनमध्ये युरो नव्हे, क्रोना चालतो, आणि बहुतेक ठिकाणी नोटा घेतच नाहीत.

बोटीतून उतरलात की गामला स्तान, जुनं शहर, समोरच आहे. इथे म्युझियमची घाई नाही, नुसतं फिरायचं. पण रस्ते दगडगोट्यांचे आणि चढउताराचे. आई-बाबांना नव्या चपला-बूट इथे घालू देऊ नका, घरचे वापरातले, जाड तळव्यांचे बूट हवेत. मुख्य रस्ता दुकानांनी आणि गर्दीने भरलेला आहे, तिथे पाकीट सांभाळा. एक गल्ली पूर्वेची घेतलीत की एकदम शांत.

मधोमध स्टूरटोर्येट हा जुना चौक. लाल आणि पिवळ्या घरांचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. १५२० मध्ये डेन्मार्कच्या राजाने स्वीडिश सरदार आणि धर्मगुरूंची इथे कत्तल केली, ऐंशीच्या वर माणसं मारली गेली. त्या घटनेतून उठलेल्या बंडाने स्वीडन डेन्मार्कपासून वेगळं झालं. चौकाच्या एका बाजूला जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीत नोबेल म्युझियम आहे. आपल्या माणसांना इथे पाऊल टाकावंसं वाटतं, ते साहजिकच आहे. टागोर, रामन, अमर्त्य सेन ही नावं तिथे भेटतात. सेन यांनी आपली जुनी सायकल या म्युझियमला दिली आहे. पण मांडणी बदलत असते, सायकल दिसेलच असं गृहीत धरून तिकीट काढू नका. आतल्या उपाहारगृहातल्या खुर्च्यांच्या तळाशी नोबेल विजेत्यांच्या सह्या आहेत. कॉफी घ्यायला बसलात तर वाकून जरूर बघा.

इथे एक गोंधळ दूर करतो, कारण प्रत्येक ग्रुपमध्ये हा प्रश्न येतो. नोबेल पारितोषिक सिटी हॉलमध्ये देत नाहीत. ते १० डिसेंबरला कॉन्सर्ट हॉलमध्ये देतात, त्या रात्रीची मेजवानी सिटी हॉलमध्ये होते, आणि शांततेचं पारितोषिक तर नॉर्वेत, ऑस्लोला. २०१९ मध्ये मुंबईत जन्मलेले, मराठी आईचे चिरंजीव अभिजित बॅनर्जी धोतर नेसून पारितोषिक घ्यायला गेले, ते याच कॉन्सर्ट हॉलमध्ये.

मग सिटी हॉल का सोडायचा? इमारत अप्रतिम आहे. १९२३ ची, साधारण ऐंशी लाख विटांची, आणि आतल्या सुवर्ण सभागृहाच्या भिंतींवर सुमारे एक कोटी ऐंशी लाख तुकड्यांचं मोझॅक आहे. पण आत फक्त गाईडबरोबर, ठरलेल्या वेळेच्या फेरीत जाता येतं. एका फेरीसाठी अख्खी दुपार बांधली जाते. त्यापेक्षा गामला स्तानच्या पश्चिमेला छोटा पूल ओलांडून रिडारहोल्मेनच्या बेटावर जा. तिथल्या काठावरच्या बाकांवरून पाण्यापलीकडे सिटी हॉल पूर्ण दिसतो, १०६ मीटरच्या मनोऱ्यासकट. गर्दी नाही, तिकीट नाही, बाबांना बसायला जागा. पाठीमागे लोखंडी जाळीदार कळसाचं चर्च आहे. वासा बांधायला लावणारा तोच राजा गुस्ताव अडोल्फ १६३२ मध्ये लढाईत मेला आणि या चर्चमध्ये पुरला आहे. सकाळी त्याचं जहाज पाहिलं, दुपारी त्याची कबर. दिवसाची जोडणी माझ्या मते याहून चांगली होत नाही.

राजवाड्यात आत जायची गरज नाही. सहाशेहून अधिक खोल्यांची वास्तू आहे, पण आमच्या मंडळींना तिथे फार काही हाती लागल्यासारखं वाटत नाही. बाहेरच्या अंगणात पहारेकऱ्यांची बदली होते, उन्हाळ्यात बँडसह. आठवड्याच्या दिवशी सव्वाबाराच्या सुमारास आणि रविवारी तासभर उशिरा. वेळेवर तिथून जात असाल तर थांबा, त्यासाठी अर्धा तास आधी जाऊन उन्हात उभे राहू नका. त्यापेक्षा राजवाड्यासमोरच्या फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात शिरा. तिथे लोखंडाचा एक बसलेला मुलगा आहे, गुडघे छातीशी धरून चंद्राकडे बघणारा, उंची फक्त पंधरा सेंटिमीटर. येणारे लोक त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, पुढ्यात नाणी ठेवतात, आणि थंडीत कुणीतरी त्याला लोकरीची टोपी विणून घालतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि आईंना तो नक्की आवडेल.

स्कान्सेन हे १८९१ मध्ये सुरू झालेलं उघड्यावरचं संग्रहालय: देशभरातून आणलेली जुनी घरं, शेतं, प्राणी. सुंदर आहे, पण टेकडीवर पसरलेलं आणि अर्धा दिवस खाणारं. लहान मुलं सोबत असती तर मी वासाऐवजी तेच सांगितलं असतं. आब्बा म्युझियम गाण्यांचे चाहते असाल तरच. भुयारी रेल्वेची स्टेशनं मात्र पावसासाठी राखून ठेवा. जोराचा पाऊस लागला तर गामला स्तान स्टेशनवरून टे-सेंट्रालेन या मध्यवर्ती स्टेशनला जा, निळ्या लाइनच्या फलाटावर खडकाच्या छतावर निळ्या वेली रंगवल्या आहेत. तिथून लाल लाइनने स्टाडियोन स्टेशनवर इंद्रधनुष्य बघून परत या. एकाच तिकिटात, सव्वा तासाच्या मुदतीत, हे दोन्ही होतं.

जेवणाचं सांगतो, कारण शाकाहारी असाल तर ते आधी ठरवलेलं बरं. जहाज स्टाड्सगोर्डेनला असेल तर धक्क्याच्या बरोब्बर वर, कड्यावरच्या फ्येलगातान रस्त्यावर, हर्मान्स नावाचं पूर्ण शाकाहारी बुफे रेस्टॉरंट आहे आणि तिथून अख्खं बंदर दिसतं. पण वर जायला चढ आहे, बाबांसाठी टॅक्सी करा. गामला स्तानमध्ये फलाफल, सूप-ब्रेड, भाजलेला बटाटा सहज मिळतो. सूपमध्ये मांसाचा स्टॉक नाही ना, हे विचारून घ्या. चारच्या चहाला जहाजावर असाल, म्हणून दुपारीच कुठल्याही बेकरीत दालचिनीचा बन आणि कॉफी घ्या. पाण्याची बाटली नळाखाली भरा, नळाचं पाणी उत्तम असतं. जहाजाच्या न्याहारीच्या टेबलावरून खाणं बांधून बाहेर न्यायला बहुतेक जहाजांवर परवानगी नसते, घरून नेलेला कोरडा खाऊ पिशवीत असू द्या.

परतीसाठी फिरत्या ‘हॉप ऑन’ बसवर किंवा बोटीवर भिस्त ठेवू नका. त्या धक्क्याजवळ थांबतात खऱ्या, पण एकाच दिशेने गोल फिरतात आणि दुपारी तीननंतर सगळ्या जहाजांचे प्रवासी एकदम त्यांवर चढतात. शेवटचा टप्पा टॅक्सीने करा. स्वीडनमध्ये टॅक्सीचे दर कंपनीगणिक वेगळे असतात. मागच्या खिडकीवर पिवळ्या-पांढऱ्या कागदावर मोठ्या आकड्यात तुलनेसाठी एक किंमत छापलेली असते. ती शेजारच्या गाड्यांपेक्षा खूप मोठी दिसली तर त्या गाडीत बसू नका.

सोबत जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं एखादं ओळखपत्र, पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसाच्या पानांची प्रत, बाबांची दिवसभराची औषधं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या कागदाचा फोटो ठेवा. त्या कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. जहाज चुकलंच तर पहिला फोन त्याला करायचा. जहाज निघताना पासपोर्ट अनेकदा त्याच्याकडे सोडून जातं. पुढचं बंदर हेलसिंकी किंवा टॅलिन असेल तर रात्रीच्या फेरीबोटी स्टॉकहोमहूनच सुटतात, त्यांनी सकाळी जहाज गाठता येतं, अर्थात स्वखर्चाने.

पाचला जहाज सुटल्यावर केबिनमध्ये जाऊन झोपू नका. जहाज शहरातून सुटत असेल तर पुढचे चार तास द्वीपसमूहातून जातात. सुमारे तीस हजार बेटं आणि खडक, काहींवर एकच लाल लाकडी घर, एक धक्का आणि एक होडी. स्टॉकहोमला यायचं ते हेही बघायला. तासाभरात ओक्सड्यूपेटची खिंड येते. तिथे दोन्ही काठ इतके जवळ येतात की अंगणात बसलेली माणसं हात हलवताना दिसतात. सोळाव्या शतकात राजा गुस्ताव वासाने ही वाट दगड टाकून बुजवली होती, शत्रूच्या जहाजांना वाक्सहोल्मच्या किल्ल्यावरूनच जावं लागावं म्हणून. जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. रात्रीच्या जेवणाची उशिराची वेळ आधीच मागून घ्या, आणि आई-बाबांना जाकीट घालून वरच्या डेकवर पुढच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला खुर्च्या मिळवून द्या. येतानाही हीच वाट असते, पहाटे चारपासून. झोप मोडायची तयारी असेल तर तुम्ही एकटे उठा. आई-बाबांना झोपू द्या, त्यांना दिवसभर चालायचं आहे.